रात्रपाळीचा कोंबडा

मी कोंबडा बोलतोय. आरवत नाही, बोलतोय. तेव्हा कानावर उशी दाबू नका.

कोंबड्याला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्ही म्हणाल. अंड्यातून निघाला, रश्श्यात गेला, संपलं. आमच्यातल्या बहुतेकांचं तेवढंच असतं, हे मी नाकारत नाही. माझंही तेवढंच व्हायचं. पण मधे एक माणूस रात्रीबेरात्री जेवायला लागला आणि सगळा घोळ झाला.

माझा जन्म जऊळक्याचा. अंडं मात्र रिठदचं. जानरावांची बायको रुख्मिणी बहिणीकडे रिठदला गेली होती, तेव्हा बहिणीनं ज्वारीच्या डब्यात खुपसून काही अंडी दिली. एसटीच्या धक्क्यांनी त्यातली निम्मी वाटेतच फुटली. मी फुटलो नाही, हे माझं पहिलं कर्तृत्व. घरच्या खुडूक कोंबडीनं पोटाखाली घेऊन मला उबवलं आणि एका सकाळी मी कवच फोडून बाहेर आलो. जानरावांच्या लेकीनं, संस्कृतीनं, मला तळहातावर घेतलं.

"आई, हे पिल्लू पाह्य! एवढंसं हाय, पन कसं बोंबलून राह्यलं!"

मोठा झाल्यावर माझं नाव भोंग्या पडलं. तुरा लालभडक, शेपटी काळी-हिरवी, चाल पाटलाची. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण कोंबड्यानं ती केली नाही तर करणार कोण? कोंबड्या करत नाहीत.

लोकांचा एक गैरसमज आहे. उजेड दिसला की कोंबडा आरवतो, असं त्यांना वाटतं. अहो, उजेड दिसल्यावर उजाडलं हे कोणीही सांगेल. आम्ही आधी सांगतो. आमच्या आतच घड्याळ असतं, त्याला किल्ली नको की सेल नको. जेवणाचंही तसंच. सूर्य कलला की आम्ही भराभर दाणे टिपतो, गळ्याखालची पिशवी भरून घेतो आणि खुराड्यात शिरतो. अंधारात आम्हाला दिसत नाही, आणि न दिसणारी वस्तू आम्ही तोंडात घालत नाही. तुम्ही माणसांनी दिवे लावले, तिथंच तुमचं पोट बिघडलं, असं आमच्या खुराड्याचं स्पष्ट मत आहे.

जानराव आधी असे नव्हते. थोडी शेती होती. दिवसभर राबायचे, दिवेलागणीला भाकर खायचे आणि असे घोरायचे की गल्लीतली कुत्री बिचकायची. मग सुगनचंद शेठच्या गोदामावरचा रात्रीचा राखणदार काम सोडून गेला. शेठ वाशिमला राहतात, पण त्यांचं सोयाबीनचं गोदाम जऊळक्याच्या स्टेशनजवळ आहे. त्यांनी विचारलं, जानराव हो म्हणाले. दिवसाची राखण रामसिंगकडे होती, रात्रीची यांच्याकडे आली.

शेठ जैन. सूर्य बुडाल्यावर पाण्याशिवाय काही घेत नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी जानरावांना सांगितलं, "जानराव, रात्रीचं जागरण ठीक आहे, पण रात्री खाऊ नको."

"शेठजी, तुमचं धरमाचं हाय, आमचं पोटाचं हाय," जानराव म्हणाले आणि डबा काखेत मारून निघाले.

रात्री झोप येऊ नये म्हणून ते खायचे. खाल्ल्यावर झोप यायची म्हणून चहा प्यायचे, चांगला चमचा उभा राहील असा गोड. सकाळी घरी आले की रुख्मिणी तव्यावरची गरम भाकर वाढायची, रातभर जागलेला माणूस म्हणून. दुपारी उठले की पुन्हा ताट, झोपेतून उठलेला माणूस म्हणून. संध्याकाळी परत, ड्युटीवर चाललेला माणूस म्हणून. घरातले बाकीचे लोक वेळेवर जेवत आणि जानराव सगळ्या वेळांना जेवत.

त्यात मी. ते सकाळी खाटेवर आडवे झाले की माझा अंगणातला कार्यक्रम ऐन रंगात असायचा. आम्ही फक्त पहाटे आरवतो असं थोडंच आहे? दाणे सापडले, आरवा. कोंबडी रुसली, आरवा. शेजारचा कोंबडा आरवला, मग तर इज्जतीचाच प्रश्न. प्रत्येक बांगेला खिडकीतून एक चप्पल यायची. काही दिवसांनी घरातल्या सगळ्यांच्या चपला अंगणात आणि जानराव डोळे लाल करून उंबऱ्यात, असा रोजचा देखावा झाला.

मग त्यांना युक्ती सुचली.

"रुख्मे, हा रात्री झोपते म्हनून दिवसा बोंबलते. याले रात्री जागवला का दिवसा गपगार झोपन."

"अवो, कोंबड्याले ड्युटीवर नेता? लोकं हासतीन!"

"हासू दे. चोर आला त दोघं मिळून वरडू."

त्या संध्याकाळी त्यांनी मला थैलीत घातलं, तोंड तेवढं बाहेर ठेवलं, थैली सायकलच्या हँडलला अडकवली, आणि मी नोकरीला लागलो.

गोदामाच्या अंगणात खांबावर मोठा हॅलोजन होता. त्याच्या खाली दिवस मावळतच नसे. पहिल्या रात्री मी चक्रावलो. डोक्यातलं घड्याळ सांगे झोप, डोळे सांगत जाग. जानराव डबा उघडायचे, भाकरीचा तुकडा मला टाकायचे. समोसा आणलेला असला तर त्याची पारी. मी कोंबडा असून रात्री समोसा खाल्लेला आहे. आमच्या सात पिढ्यांत हे कोणी केलं नाही, आणि केलं असतं तर आठवी पिढी झाली नसती.

पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिथं ते माझ्याशी बोलायचे. सगळं गाव झोपलेलं, जागे आम्ही दोघंच. घरात आवाज चढवून बोलणारा तो माणूस तिथं हळू बोलायचा.

"भोंग्या, पायाले मुंग्या येऊन राह्यल्या रे. लय दिवस झाले."

मी मान वाकडी करून बघायचो.

"पानी कितीबी पेलो तरी घसा कोरडाच. अन् तो पल्ल्याडचा टेसनाचा बोर्ड हाय ना, त्याच्यावरचं नाव पहिले वाचता ये. आता नुसतं पांढरं दिसते." मग स्वतःशीच हसल्यासारखं करून म्हणायचे, "रुख्मिणीले सांगू नोको. ते रडते. संस्कृतीचं नर्सिंगचं नक्की होऊन राह्यलं, त्याच्यात हे आनखी कायले?"

मी कोणाला सांगणार होतो? मला फक्त एकच शब्द येतो, आणि तोही तेव्हा चुकीच्या वेळी यायला लागला होता.

कारण माझंही बिघडलं होतं. दिवसा मला डालग्याखाली झाकून वर पोतं टाकायचे, तरी झोप धड लागेना. पिसं झडली. तुरा भाजक्या वांग्यासारखा मलूल झाला. अंग मात्र फुगलं. सकाळी इतर कोंबड्यांच्या पिशव्या रिकाम्या आणि माझी टच्च भरलेली. कोंबड्यांनी माझ्याकडे पाहणंच सोडलं. आणि मी आरवायचो कधी, तर भर दुपारी. शेजारचे माणिकराव मोबाईलपेक्षा माझ्यावर भरवसा ठेवणारे. मी पहाटे आरवलो नाही म्हणून त्यांची गाडी चुकली, आणि लेकीकडचं साखरपुड्याचं जेवण त्यांच्याविना उरकलं. ते अंगणात येऊन मला काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही.

एका सकाळी आम्ही ड्युटी संपवून निघालो. जानराव सायकलवर, मी हँडलला. वाटेत सायकल डुलायला लागली. मला वाटलं, खड्डे चुकवत असतील. पण त्यांचे हातच ढिले पडले होते. सायकल आडवी झाली, मी थैलीसकट बाभळीच्या काटक्यांत गेलो, आणि ते रस्त्याच्या कडेला निपचित. मी ओरडलो. वेळ चुकीची असो की बरोबर, जन्मात एवढा ओरडलो नव्हतो. नेमके सुगनचंद शेठ माल उतरवून घ्यायला लवकर निघाले होते. त्यांनी गाडी थांबवली, ड्रायव्हरच्या मदतीनं जानरावांना मागच्या सीटवर घातलं. दुसऱ्या कोणी कोंबड्याला तिथंच सोडलं असतं. शेठनं थैली उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. गोदामाचा मालक आणि मांडीवर कोंबडा, असे आम्ही तालुक्याला पोचलो.

डॉक्टरीणबाईंचं नाव वैभवी. वयानं तरुण, बोलायला सरळ. सलाईन लावली, बोटाला टोचून रक्त पाहिलं आणि भुवया वर नेल्या. साखर भलतीच चढली होती. निरोप गेल्यावर रुख्मिणी आणि संस्कृती धावत आल्या. जानराव डोळे उघडून बसले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "काका, जेवता कधी?"

"भूक लागली का."

"भूक कधी लागते?"

"कायम."

"बरं, रात्री काय खाता?"

"मध्यान रातीले डबा. भाकर, भाजी, ठेचा, थोडा भात. पहाटं चहा-बिस्कुट. घरी आलो का जेवन. उठलो का जेवन. ड्युटीवर जाच्या आधी उलीसं."

"थोडंसं म्हणजे काय काय?"

"तेच. भाकर, भाजी, ठेचा, थोडा भात."

संस्कृतीनं कपाळाला हात लावला. डॉक्टर हसल्या नाहीत. स्टूल ओढून समोर बसल्या.

"काका, माणसाच्या अंगात पण घड्याळ असतं. एक डोक्यात, ते उजेडावर चालतं. आणि यकृत, स्वादुपिंड, आतडी, यांची आपापली वेगळी. ती जेवणाच्या वेळेवर चालतात. तुम्ही रात्रभर उजेडात बसता, अपरात्री जेवता, दिवसा झोपायला बघता. डोक्यातलं घड्याळ एक वाजलेत म्हणतं, पोटातलं सात. साखर आवरायचं काम स्वादुपिंडाचं. रात्री ते मंद असतं. तीच भाकर दिवसा खाल्ली तर साखर जेवढी चढेल, रात्री त्याहून जास्त चढते आणि लवकर उतरत नाही."

"म्हंजे भाकर तेच, पन रातची भाकर बेइमान?"

"भाकर इमानदार आहे, काका. गिऱ्हाईक दुकान बंद झाल्यावर आलंय."

सुगनचंद शेठची छाती फुगली. "मी याला पहिल्या दिवसापासून सांगतोय! सूर्यास्ताच्या आत जेव म्हणून."

"बरोबर सांगता," डॉक्टर म्हणाल्या. "आलाच आहात तर बोट द्या, तुमचीही बघू."

शेठनं मोठ्या ऐटीत बोट पुढे केलं. आकडा आला तशी ऐट गेली. त्यांचीही साखर वर. मग चौकशी निघाली. शेठ सूर्यास्ताच्या आतच जेवत, पण सूर्य आता बुडणार या धास्तीनं पुऱ्या, बासुंदी, फरसाण, वर श्रीखंड, असा दोन दिवसांचा साठा करूनच उठत.

जानराव सलाईनमधूनच म्हणाले, "शेठजी, तुमचा धरम कवा खावं ते सांगते. किती खावं ते न्हाई सांगत का?"

शेठ खाली बघत म्हणाले, "सांगतो. भुकेपेक्षा कमी खा, असंच सांगतो. तेवढं मी ऐकलं नाही."

मी थैलीतून नेमका त्याच वेळी आरवलो. टेबलावरचा पेन खाली पडला.

"हे काय आहे?" डॉक्टर दचकून म्हणाल्या.

"हा माह्या ड्युटीवरचा जोडीदार," जानराव म्हणाले, आणि मला रात्रपाळीला का नेतात ते सगळं सांगितलं. डॉक्टर आधी खूप हसल्या. मग थैलीचं तोंड मोकळं करून माझी झडलेली पिसं पाहिली, फिका तुरा पाहिला, आणि त्यांचं हसू गेलं.

"काका, दोघांचं दुखणं एकच दिसतंय. याला तर रात्री जागायला तुम्ही नेलंत. तुम्हाला कोण घेऊन गेलं?"

जानरावांनी पायांवरचं पांघरूण बाजूला केलं. मग त्यांनी पायाच्या मुंग्यांचं सांगितलं, डोळ्यांचं सांगितलं. जे फक्त मला माहीत होतं ते सगळ्यांसमोर आलं. रुख्मिणी भिंतीला टेकून खाली बसली.

"मले काहून नाई सांगितलं?"

"तू रडते म्हनून."

"मंग आता काय हासून राह्यली मी?"

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या चुकवायच्या नाहीत असं बजावलं. रात्रपाळी सुटली तर फारच उत्तम, नाही सुटली तर ऊन असतानाच पोटभर जेवून ड्युटीवर जा. रात्री डबा नाही, पाणी किंवा बिनसाखरेचा चहा. सकाळी थोडकं खाऊन अंधाऱ्या खोलीत झोपा. रामसिंगची दिवसाची जागा काढून घ्यायची नाही, हे जानरावांनीच आधी सांगितलं. म्हणजे ड्युटी रात्रीचीच राहिली. वेळ बदलायची होती ती ताटाची.

मला सुट्टी मिळाली. मी खुश होतो. पण त्याच संध्याकाळी रुख्मिणी म्हसोबापुढे उभी राहिली. म्हसोबा गावाच्या शिवेवर, गोदामाच्या रस्त्याला आहे. संस्कृती सोबत होती. तिनं घरी येऊन मला दाणे टाकताना सांगितलं, "भोंग्या, आईनं नवस बोलला. बाबाची साखर उतरली का तुले म्हसोबाले देनार."

आता बघा माझी दशा. ज्या माणसानं बरं व्हावं असं मला मनापासून वाटत होतं, तो बरा झाला की माझी मान जाणार. माणसं म्हणतात की आपल्याला कोंडीत पकडलं. कोंडी म्हणजे काय, ते मला विचारा.

आणि जानराव बरे व्हायला लागले, हेच तर दुःख! ऊन असताना जेवायला बसू लागले. पहिल्या आठवड्यात त्यांचा स्वभाव असा झाला की घरातलं मांजर शेजारी राहायला गेलं. रात्री पोटात कावळे ओरडत म्हणून गोदामाभोवती चकरा मारत. संस्कृतीनं खिडकीला जाड गोधडी लावली. रुख्मिणीनं सकाळचं ताट लहान केलं आणि ते लहान केलंय हे कळू नये म्हणून ताटलीही लहान घेतली. जानरावांना ते पहिल्याच दिवशी कळलं. तरी त्यांनी गुमान खाल्लं. तिकडे शेठनंही बासुंदी सोडली. संध्याकाळी दोघं गोदामाच्या पायरीवर बसून पूर्वी काय काय खाल्लं त्याच्या आठवणी काढत, एखाद्या गेलेल्या नातेवाईकाबद्दल बोलावं तसे.

माझंही घड्याळ जागेवर आलं. नवी पिसं फुटली, तुरा लाल झाला. कोंबड्या पुन्हा ओळख देऊ लागल्या. माणिकरावांनी माफ केलं. पण मी जितका छान दिसू लागलो, तितकी रुख्मिणी माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवायची. कसायापेक्षा गृहिणीची ती नजर वाईट.

काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. जानराव हातात कागद घेऊन आले आणि अंगणातूनच ओरडले, "रुख्मे, उतरली!" घरात आनंदीआनंद. मी त्या दिवशी आरवलो नाही.

म्हसोबाला आम्ही सकाळी गेलो. रुख्मिणीकडे हळद-कुंकू, नारळ. संस्कृतीकडे मसाल्याचा डबा. जानरावांच्या काखेत मी, हातात सुरी. दगडापुढे सगळं मांडून झालं. रुख्मिणी म्हणाली, "चला, उरका."

जानराव उभेच.

"अवो, काहून थांबले?"

"नाई होत."

"काय नाई होत? दरसाली तुमीच कापता!"

"ते दुसरे होते. हा माह्यासंग रात्रभर जागला. मले पायाच्या मुंग्या आल्या त म्या याले सांगितलं, तुले नाई. मी पडलो त हाच वरडला. संग ड्युटी केलेल्या मानसाले कोनी कापते का?"

"मानूस नाई तो, कोंबडा हाय!"

"मले मालूम हाय. पन हात उचलत नाई, त्याले मी काय करू?"

"अन् देवाले काय सांगू? म्या बोलली ना त्याले! उद्या साखर पुन्हा चढली त?" बोलता बोलता तिचा आवाज फाटला. तेव्हा मला कळलं की तिला माझा रस्सा नको होता. तिला भीती वाटत होती.

संस्कृती हळूच म्हणाली, "आई, साखर बाबानं वेळेवर जेवून अन् गोळ्या घेऊन उतरवली."

"तू गप. गोळ्या घ्याची बुद्धी कोनं देली?"

काखेत माझं काळीज इतकं उडत होतं की जानरावांच्या बरगडीला लागत असेल. रुख्मिणीनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि डोळे पुसून पदर डोक्यावर घेत देवाकडे वळली.

"म्हसोबा, तू काय केलं अन् यायनं काय केलं, ते तुमी दोघं पाहून घ्या. म्या तुले कोंबडा देतो म्हनलं होतं. कापून देतो असं नव्हतं म्हनलं. हा घे. जित्ता हाय, तुहा हाय."

तिनं मला जानरावांच्या काखेतून ओढून घेतलं आणि देवापुढे सोडून दिलं. नारळ फोडला. खोबऱ्याचा एक तुकडा माझ्यापुढे टाकला. घरी जाताना ती जानरावांना म्हणाली, "बरंच झालं. घरी राह्यला असता त तुमची दिवसाची झोप मोडली असती."

तेव्हापासून मी इथं आहे. देवाच्या नावानं सोडलेला, म्हणून मला कोणी हात लावत नाही. लोक नवस फेडायला येतात, माझ्या जातभाईंना काखेत घेऊन येतात. तेव्हा मी तोंड फिरवून बाभळीवर बसतो. देवाला मी याबद्दल विचारलेलं नाही. त्याच्या गावात राहायचं तर काही गोष्टी विचारू नयेत.

जानराव रोज संध्याकाळी ड्युटीवर जाताना थांबतात. जेवून आलेले असतात. खिशातून मूठभर ज्वारी टाकतात आणि मी टिपेपर्यंत उभे राहतात. साखर पूर्ण गेलेली नाही, ती जात नसते. गोळ्या चालू आहेत. डोळ्यांना चष्मा लागला. मधे एका लग्नात पंगत मध्यरात्री बसली आणि त्यांनी जिलेबीवर हात मारला, तर चार दिवस रुख्मिणी त्यांच्याशी बोलली नव्हती. संस्कृती नर्सिंगला गेली आहे. तिची रात्रपाळी असली की ती बापाला फोन करून विचारते, "बाबा, जेवले का?" आणि हे उलट विचारतात, "तू कवा जेवली ते सांग."

माझं वय झालं. नख्या दुखतात. पुढचा पावसाळा मी बघेन असं वाटत नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, की ज्यांना रात्री जागावंच लागतं, त्यांना हसू नका. त्यांना ऊन असताना जेवू घाला आणि दिवसा झोपू द्या. आणि काहीच काम नसताना तुम्ही मध्यरात्री ताट घेऊन बसता, ते का बसता, याचा तुम्हीच विचार करा. मी कोंबडा आहे, मला इतकं खोलातलं कळत नाही.

दिवस बुडतोय. जानराव आत्ताच गेले, त्यांच्या सायकलीचा आवाज अजून येतोय. खालचे दोन दाणे राहिले होते, ते आता मला दिसेनात. राहू द्या. ते उद्याचे.